रेवूचा हात मोजा

आमच्या घरात कुकर नव्हता. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत, एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. सकाळी आजूबाजूच्या घरांतून शिट्ट्या सुरू झाल्या की माझी धाकटी बहीण रेवती, म्हणजे आमची रेवू, दोन्ही कान दाबून मोरीत जाऊन बसायची. मोरीचं दार लावलं की आवाज कमी येतो, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. शेजाऱ्यांच्या शिट्ट्या बंद करणं आमच्या हातात नव्हतं, पण निदान आपल्या घरातली तरी नको म्हणून आईने कुकर मावशीला देऊन टाकला आणि पुढे कायम भात टोपातच शिजवला. बायका म्हणायच्या, "अगं सुनंदा, गॅस किती जातो!" आई म्हणायची, "गॅस माझा, भात माझा. तुमचं काय जातं?" आमची आई अशीच होती. संगमेश्वराकडची. तिने बोलायला तोंड उघडलं की समोरच्याने चपला शोधायला लागावं.

रेवू पांढरं जेवायची. भात, दूध, तांदळाची भाकरी, घावन, ओलं खोबरं. भाताला आमटीचा एक थेंब जरी लागला तरी ताट सरकवून उठायची, मग दिवसभर उपाशी राहिली तरी बेहत्तर. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सवय लावा. आईने मान डोलावली आणि घरी येऊन घावनाचं पीठ भिजवलं. कोकणातल्या बाईला पांढऱ्या जेवणाची काय कमी! बांगडा तळला की आम्ही तिघं भिंतीकडे सरकून खायचो आणि रेवू मधोमध महाराणीसारखी दूधभात कालवत बसायची. आता मी एकटीसाठी स्वयंपाक करते तेव्हाही हाताला तीच सवय आहे, भात आधी बाजूला काढायचा आणि मग आमटीचं झाकण उघडायचं.

आणि घरभर जीन्स असायच्या. उल्हासनगरच्या मोहिनी आंटीकडून आई धागा कटिंगचं काम आणायची. कारखान्यातून शिवून आलेल्या पँटींना दोरे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे, घडी घालायची, बंडल बांधून परत पाठवायचं. कॉलेजला जायच्या आधी मीसुद्धा बसायचे. नव्या कापडाचा रंग हाताला लागायचा, त्यामुळे आईची आणि माझी बोटं कायम निळी. रेवू त्या ढिगावर पालथी पडून चेन वर-खाली करायची. ज्या मुलीला कुकरची शिट्टी सोसत नव्हती तिला चेनचा झर्र झर्र आवाज तासन्‌तास चालायचा. एका पँटीची चेन झाली की दुसरी. मोहिनी आंटी म्हणायची, "सुनंदा, तेरी बेटी तो मेरी चेकिंगवाली है. चेन खराब हुई तो पहले इसको पता चलता है." आंटी सिंधी, खूश असली की दाल पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, पाठवायची. पकवान पांढरं नसायचं, म्हणून माझं फावायचं.

ऑटिझम हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा बाबांनी तो डॉक्टरांना पुन्हा म्हणायला लावला. मग त्यांनी विचारलं, किती दिवसांत बरी होईल? लोक मला आजही विचारतात, "मग आता बरी आहे का हो बहीण?" मी म्हणते, आजारी कधी होती? माझा आवाज थोडा चढतोच. आता केस पांढरे झाले, चढला तर चढला.

बाबा एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. साधा माणूस, कुणाला उलट उत्तर न देणारा. घरात एक उलट उत्तर देणारी आहे, तेवढी पुरे, असं त्यांना वाटत असावं. रेवूचं शाळेत जायचं वय झालं, बालवाडीच्या बाईंनी हात टेकले, तेव्हा त्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी घाटावरच्या एका निवासी संस्थेचं सांगितलं. मुलं तिथेच राहतात, तिथेच जेवतात, सुट्टीत घरी येतात. बाबांनी ते जेवताना हळूच काढलं. आईने हातातला घास ताटात ठेवला. "भात कोण वाढणार तिला तिथे?" एवढंच म्हणाली. बाबा म्हणाले, "मी काय तिला टाकून देतोय का, सुनंदा? आपण दोघं गेल्यावर माधवीच्या गळ्यात पडायची ती. हिने काय करायचं मग?" माधवी म्हणजे मी. मी तिथेच बसले होते आणि मला विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. शेवटी ठरलं ते असं, की इथल्या एखाद्या शाळेत रेवू टिकली तर राहील, नाही टिकली तर बाबा तिला संस्थेत नेऊन सोडतील. आईने ते मान्य केलं, कारण टिकवायची जबाबदारी तिने मनातल्या मनात स्वतःवर घेतली होती.

पहिली शाळा अंबरनाथ पश्चिमेची, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. मुलांना टाय होता. प्रवेशाला मुलाची मुलाखत घेतात असं कळलं म्हणून आम्ही तिघांनी मिळून रेवूची तयारी करून घेतली. प्रश्न मी काढले, घोकून आईने घेतले आणि साहेब बनून बाबांनी विचारले. तुझं नाव काय? रेवती. आईचं नाव? सुनंदा. बाबांचं नाव? प्रकाश. तू किती वर्षांची? सहा. गाय काय देते? दूध. महिनाभर घरात दुसरं बोलणं नव्हतं. जीन्सचे दोरे कापताना गाय काय देते, आंघोळ घालताना गाय काय देते. शेवटी शेवटी रेवू धडाधड उत्तरं द्यायला लागली. बाबा तर हरखून गेले. संस्थेचा विषय त्या महिन्यात त्यांनी एकदाही काढला नाही.

मुलाखतीला रेवूला नवीन फ्रॉक घातला होता. मुख्याध्यापिका मॅडम चांगल्या हसऱ्या होत्या. त्यांनी लाडाने सुरुवात केली, "गाय काय देते, बेटा?"

"रेवती," रेवू म्हणाली.

मॅडम हसल्या. "बरं, तुझं नाव काय?"

"सुनंदा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही तिला प्रश्नांची उत्तरं शिकवलीच नव्हती, उत्तरांची रांग शिकवली होती. "बाबांचं नाव?" मॅडमनी विचारलं. "प्रकाश," रेवू म्हणाली, आणि बाबांनी केवढा मोठा सुस्कारा सोडला! त्यांना वाटलं, गाडी रुळावर आली. "आणि आईचं?" "सहा." मॅडमनी पेन खाली ठेवलं. जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुला काय आवडतं, बाळा?" रेवू म्हणाली, "दूध." हे उत्तर तर शंभर टक्के खरं होतं, पण तोवर मॅडमनी आमचे कागद परत आमच्याकडे सरकवले होते. बाकीच्या पालकांचाही विचार करावा लागतो, असं काहीतरी त्या बोलत होत्या. मला हसू आवरेना. रडायला येत होतं आणि हसत होते. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि आम्ही बाहेर पडलो.

फाटकाबाहेर बाबा आम्हाला उसाचा रस पाजत होते, तेव्हा आई म्हणाली, "पाठांतर बंद. चोरी केल्यासारखं काय लपवायचं? यापुढे दारातच सांगायचं, माझ्या मुलीला ऑटिझम आहे, घेता का बोला." आणि तिने तसंच केलं. मी बरोबर असायचे. वॉचमनलासुद्धा सांगायची. उत्तरं तऱ्हेतऱ्हेची मिळाली. कुणाच्या जागा नेमक्या त्याच सकाळी भरल्या होत्या. एक सर म्हणाले, आमच्या शाळेला जिने फार आहेत. आई म्हणाली, "तिच्या पायांना काही नाही झालेलं, सर. तुमच्या कानांना झालंय का?" मी तिला ओढत बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर दोघी पोट धरून हसलो. हसणं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं, कारण घरी बाबा रोज विचारायचे, काय झालं? आणि सांगण्यासारखं काही नसायचं.

मग मोहिनी आंटीने उल्हासनगरची एक शाळा सुचवली, खास अशाच मुलांसाठीची. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतींवर फुलपाखरं, गोड बोलणाऱ्या बाई. आम्हाला वाटलं, सुटलो. रेवू जायला लागली आणि घरी आली की मोरीत जाऊन बसायला लागली. कुठेही शिट्टी वाजत नसताना. एके दिवशी बंडलं पोचवायला आई लवकर गेली आणि जाता जाता शाळेत डोकावली. टीव्ही लावलेला होता, मुलं समोर बसवलेली होती आणि रेवू खुर्चीत होती. तिच्या कमरेभोवती दुपट्टा गुंडाळून मागे गाठ मारलेली होती. "सारखी उठते हो," बाई म्हणाल्या. आईने गाठ सोडली. दुपट्टा झटकला, जीन्सची घालायची तशी नीट घडी घातली, आणि बाईंच्या हातात ठेवून म्हणाली, "हा तुमचा. ही माझी." मोहिनी आंटीला कळलं तेव्हा ती आमच्या घरी येऊन रडली, "मेरे को मालूम नहीं था, कसम से." आईने तिला टोपातला भात वाढला. खास शाळांवर माझा राग नाही. चांगल्या शाळा मी पुढे पाहिल्या, त्यांतल्या एकीत अनेक वर्षं शिकवलंही. पण वर्गात दुपट्टा घेऊन मी कधी गेले नाही.

शेवटी खरवईची सरकारी शाळा. पूल ओलांडून पूर्वेला जायचं, शेअर रिक्षाने. गावातली मुलं, नव्या बिल्डिंगींच्या कामावर आलेल्या मजुरांची मुलं, कंपन्यांतल्या कामगारांची मुलं. पहिलीच्या गायकवाड बाई रोडक्या, कपाळाला कायम आठी. आईने दारातच आपलं वाक्य म्हटलं आणि पुढे जोडलं, "कायद्याने तुम्हाला नाही म्हणता येत नाही." बाईंनी आईकडे पाहिलं. "कायदा वर्गात येऊन बसत नाही, ताई. पोरं मला एकटीला सांभाळायची असतात."

"मी बसते," आई म्हणाली.

आणि बसली. रोज. वर्गात मागे भिंतीला टेकून, मांडीवर जीन्सचं बंडल घेऊन. बाई फळ्यावर लिहायच्या आणि मागे आईची कात्री चालायची. पहिलीतल्या मुलांना आठवड्याभरात त्यात काही नवल उरलं नाही. कुणाचं बटण तुटलं तर ते आईकडे यायचं. रेवू खिडकीजवळ बसायची, गजांवरून बोट फिरवत. कधी उठून वर्गभर चक्कर मारायची. बाई म्हणायच्या, "रेवती, खाली बस," मग जवळ जाऊन, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन पुन्हा म्हणायच्या, तेव्हा ती बसायची. मी कॉलेज सुटलं की थेट तिकडे जायचे. दोघींना घेऊन परत येताना आई सांगायची, आज काय झालं. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसायचं, आणि तेच मोठं होतं.

खिचडीच्या वेळेला मात्र घात झाला. मुलं रांगेत बसून स्टीलच्या ताटल्या फरशीवर आपटायची. भूक लागल्याची दवंडीच ती. आई रेवूला त्या आधीच मैदानाच्या टोकाला न्यायची आणि डब्यातला भात द्यायची. एके दिवशी आई तापाने घरी राहिली. ताटल्या वाजल्या, रेवू कान दाबून पळाली, वाटेत एका मुलीने तिला अडवायला मिठी मारली, प्रेमानेच मारली असणार, आणि रेवू तिच्या दंडाला कडकडून चावली. दात उमटले. आई दुसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊन त्यांच्या घरी गेली, माफी मागून आली. मुलीच्या आईने दारातूनच बोळवलं. आठवडाभरात पालकांची सभा लागली.

बाबांनी ऐकलं आणि संस्थेत फोन केला. आमच्यासमोरच केला. सोमवारी घेऊन येतो म्हणाले, कंपनीत सुट्टीही टाकली. आईने बंडल पुढे ओढून दोरे कापायला घेतले. शनिवारी सभा होती. मी कॉलेज बुडवलं.

सभा पहिलीच्या वर्गातच भरली. पालक मुलांच्या बस्करांवर मांडी घालून, शाळा समितीचे अध्यक्ष अनंतदादा खुर्चीवर. त्यांचा पाण्याच्या टँकरचा धंदा होता, माणूस वाईट नव्हता, पण सगळ्यांना खूश ठेवायची हौस दांडगी. गायकवाड बाई फळ्याजवळ हाताची घडी घालून उभ्या. रेवू खिडकीजवळ आपल्या जागेवर, कारण दुसरीकडे ती बसलीच नसती. आई तिच्या शेजारी, मी आईला चिकटून. बाबा पहिल्या पाळीहून कंपनीच्या कपड्यांतच आले आणि दाराशी उभे राहिले.

जिच्या मुलीला रेवू चावली ती बाई आधी उठली. "माझे पोरीचा दंड बघा जाऊन. आज दंडाला चावली, उद्या डोळ्यात बोट घालंल. आमचे पोरांनी का म्हणून सोसायचा?" मागून कुणी म्हणालं, बाईंचा सगळा वेळ हिच्यातच जातो. कुणी म्हणालं, अशा मुलांची वेगळी शाळा असते ना, सरकार देतं ना सगळं. आई उठली. "चावली. खोटं नाही. माफी मागितली, अजून मागते. पण शाळा सोडणार नाही." गलका झाला, तशी आई खाली बसली आणि सवयीने पिशवीतली कात्री काढून मांडीवर घेतली. रेवूने कानांवर हात घेतले. अनंतदादांनी टेबलावर थाप मारली, सगळे गप्प झाले, आणि रेवूने हात खाली आणले.

"भांडण नाय करायचा," अनंतदादा म्हणाले. "सगळ्यांचं मत घेऊ. ज्यांना वाटतं पोरीला दुसऱ्या शाळेत घालावी, त्यांनी हात वर करा."

तसा ठराव त्यांना करताच येत नव्हता, हे मला पुढे शिकल्यावर कळलं. तेव्हा मला फक्त हात दिसले. एक, मग चार, मग निम्मा वर्ग. आणि आमच्या शेजारी, खिडकीजवळ, एक छोटा हात. कोपरात न वाकवता, सरळ, छताकडे. रेवूने हात वर केला होता.

कुणीतरी फिसकन हसलं. अनंतदादा ओशाळले. "तिचा नका धरू रे. तिला काय कळतंय, बिचारीला."

"का नको धरू?" आई उभी राहिली. तिच्या मांडीवरची कात्री खण्णकन खाली पडली. "मोजा. रेवूचा हात मोजा."

"वहिनी, अहो ती स्वतःलाच..."

"असू दे! दादा, तुम्ही आत्ता कुणाचं नाव घेतलं? घेतलं का रेवतीचं नाव? नाही ना? माझ्या पोरीला आजपर्यंत नाव घेऊन, तोंडासमोर तोंड नेऊन सांगितल्याशिवाय काही कळत नव्हतं. सगळ्यांना मिळून सांगितलेलं आपल्यालाही सांगितलंय, हे तिला माहीतच नव्हतं. बाई रोज म्हणतात हात वर करा, सगळी पोरं करतात, ही गज चाचपत बसते. मी रोज मागे बसून बघते. मोठमोठ्या डॉक्टरांकडे जमलं नाही, त्या दुपट्टेवालीकडे जमलं नाही. आज जमलं. कुठे शिकली? ह्या खोलीत शिकली. कुणाचं बघून? तुमच्या पोरांचं बघून!" आईचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आता ज्यांना तिला ह्याच खोलीतून काढायचंय त्यांनी हात वरच ठेवा. आणि तिचा पण मोजा. वर्गातली आहे ती."

हात खाली यायला लागले. कुणी डोकं खाजवल्यासारखं करून आणला, कुणी पदर सावरायच्या निमित्ताने. त्या मुलीच्या आईचा तेवढा वर राहिला. मला तिचा राग कधीच आला नाही, दात तिच्या लेकीच्या दंडावर उमटले होते. दुसरा वर राहिला तो रेवूचा. ती समोर फळ्याकडे बघत होती आणि हात तसाच ताठ होता.

"रेवू, हात खाली घे बाळा," बाबा दारातून म्हणाले. रेवू हलली नाही. बाबा आत आले, पालकांमधून वाट काढत तिच्यासमोर उकिडवे बसले. "रेवू. खाली घे." रेवू त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली.

गायकवाड बाईंनी हाताची घडी सोडली. कुणाकडेही न बघता, रोजच्या कोरड्या आवाजात, आख्ख्या वर्गाला म्हणाल्या, "हात खाली."

रेवूचा हात खाली आला. त्या मुलीच्या आईचाही आला. तिचं तिलाच कळलं नसावं.

बाबा तसेच उकिडवे बसून राहिले. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा रेवूकडे, आणि बाहीने तोंड पुसलं. अनंतदादा म्हणाले, चहा सांगा रे कुणीतरी. लोक उठायला लागले. त्यातल्या दोघातिघांनी पुढे आपली मुलं काढून घेतली, ते काही मी लपवत नाही. आईने कात्री उचलली, रेवूचं दप्तर भरलं. बाबांनी ते तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या खांद्याला लावलं, तिथे ते अगदीच लहान दिसत होतं.

"मी सोमवारची रजा टाकलीय," ते म्हणाले.

"मग तुम्ही करा आराम," आई म्हणाली. "सोमवारी तिला शाळा आहे."